तलावपाळीचं चर्च आणि एका बाईची फिर्याद

दरवर्षी आपली सहल ठरते तेव्हा तीच चार नावं पुढे येतात. टिटवाळा, एकवीरा, शिर्डी, नाहीतर गणपतीपुळे. यंदाच्या बैठकीत एका सुनेनं वेगळं नाव काढलं. "आपण ठाण्याला तलावपाळीचं जुनं चर्च बघायला जाऊ या का?" क्षणभर सगळ्या गप्प. मग एक काकू म्हणाल्या, "आपलं काय आहे तिथं? आणि आत घेतील का आपल्याला?"

काकूंचे प्रश्न दोन होते. दुसऱ्याचं उत्तर सोपं आहे. घेतात. पहिल्याचं उत्तर द्यायला आम्हा चौघींना महिनाभर वाचावं लागलं, विचारावं लागलं. त्यातून जे हाती आलं ते आजच्या बोलण्यात तुमच्यापुढे ठेवतो. सहलीला गाईड नाही, भोंगा घेऊन पुढे चालणारा कुणी नाही. आपलं आपणच बघायचं आहे. म्हणून इतिहास आधी ऐकून घ्या, म्हणजे तिथं गेल्यावर नुसता पंखा कुठं आहे तेवढंच दिसणार नाही.

चर्चचं नाव आहे सेंट जॉन द बॅप्टिस्ट. मासुंदा तलावाच्या, म्हणजे आपण तलावपाळी म्हणतो त्याच्या बाजूलाच. शाळेच्या ॲडमिशनला, सिव्हिलमध्ये पेशंट बघायला, गडकरी रंगायतनला नाटकाला आपल्यापैकी कितीतरी जणी तिथून गेल्या असतील. चर्च दिसलं असेल, पण आत कुणी वळलं नसेल. नाव सांगताना मात्र एक काळजी घ्या. याच नावाचं एक जुनं पडकं चर्च मुंबईत अंधेरीला, सीप्झच्या आवारात आहे. ते १५७९ सालचं. १८४० च्या सुमाराला साथीचा रोग आला, गाव उठलं आणि लोकांनी मरोळला दुसरं चर्च बांधलं. मोबाइलवर नुसतं नाव टाकलंत तर तुम्ही अंधेरीला पोहोचाल. "ठाणे, मासुंदा तलाव" असं पूर्ण टाकायचं.

आता गोष्ट. ती चर्चच्या इमारतीहून खूप जुनी आहे.

सातशे वर्षांपूर्वी ठाणं हे मोठं बंदर होतं. रेल्वे नव्हती, पूल नव्हते, खाडी मात्र होती आणि खाडीतून जहाजं येत. मार्को पोलो नावाच्या प्रवाशानं तेराव्या शतकाच्या अखेरीस लिहून ठेवलंय की इथून कातडं आणि सुती कापड बाहेर जातं. व्यापाराच्या गावात सगळ्या जातीधर्माची माणसं येऊन राहतात, तशी ठाण्यातही होती. त्यात पंधरा घरं ख्रिस्ती होती. नेस्टोरियन म्हणत त्यांना. इराण-इराककडच्या जुन्या ख्रिस्ती पंथाची ही माणसं. पोर्तुगीज इथे यायच्या दोनशे वर्षं आधीची ही गोष्ट आहे, हे लक्षात असू द्या. ख्रिस्ती धर्म इकडे गोऱ्या साहेबानं आणला असं आपण सरसकट समजतो, ते तितकंसं खरं नाही.

१३२१ साली फ्रान्सिस्कन पंथाचे चार साधू समुद्रमार्गे निघाले होते. जायचं होतं दक्षिणेला केरळात कोल्लमला, पण वादळानं जहाज ठाण्याला आणलं. तोलेंतिनोचा थॉमस, पादुआचा जेम्स, सिएनाचा पीटर आणि तिफ्लिसचा दिमित्रियस अशी त्यांची नावं. तिफ्लिस म्हणजे आजच्या जॉर्जिया देशातलं तिबिलिसी. चौघं त्या पंधरा घरांपैकी एका घरी उतरले. सोबतचा जॉर्डन नावाचा पाचवा साधू पुढे निघून गेला होता.

आणि त्या घरात नवरा-बायकोचं भांडण झालं. संध्याकाळी नवऱ्यानं बायकोला मारलं.

सकाळी ती बाई उठली आणि काजीकडे गेली. फिर्याद केली. मैत्रिणींनो, इथं आम्ही वाचताना थांबलो. सातशे वर्षांपूर्वीची ठाण्याची बाई, परधर्माच्या राज्यात, परधर्माच्या न्यायाधीशासमोर जाऊन सांगते की मला नवऱ्यानं मारलं. काजीनं विचारलं, पुरावा काय? ती म्हणाली, आमच्या घरी चार साधू उतरलेत, त्यांनी पाहिलंय, त्यांना विचारा.

आज पोलीस ठाण्यात जाऊन बसलेल्या बायकांना हा प्रश्न नवीन नाही. साक्षीदार कोण? घरात झालेल्या मारहाणीला साक्षीदार कुठून आणायचा? तिच्याकडे योगायोगानं चार होते.

पण पुढे काय झालं बघा. तिथे अलेक्झांड्रियाचा एक माणूस बसला होता. तो काजीला म्हणाला, या साधूंना बोलवाच, ते फार शिकलेले आहेत, त्यांच्याशी धर्मावर वाद घालता येईल. झालं! साधूंना बोलावलं ते साक्षीला नव्हे, वादाला. पीटर सामानाची राखण करायला घरी राहिला, तिघं गेले. वाद चढत गेला, पैगंबरांविषयी प्रश्न निघाला, उत्तरं झोंबणारी दिली गेली, लोक खवळले. तिघांना उन्हात उभं केलं, पुढे आगीची परीक्षाही झाली असं जुनी कथा सांगते. शेवटी रात्री त्यांना मारून टाकलं आणि पुढच्या एक-दोन दिवसांत पीटरलाही. एप्रिल महिना होता.

जॉर्डन परत आला तेव्हा सगळं संपलं होतं. त्यानं चौघांचे देह सोपाऱ्याला नेऊन पुरले. नालासोपारा स्टेशन आपल्याला माहीत आहे, तेच सोपारा. काही वर्षांनी ओडोरिक नावाचा दुसरा साधू आला, त्यानं त्यांची हाडं बरोबर घेतली आणि थेट चीनपर्यंत नेली. परत गेल्यावर १३३० साली इटलीत पादुआ गावी त्यानं आपल्या प्रवासाची हकिकत सांगून लिहवून घेतली. आपल्याला ही गोष्ट कळते ती मुख्यतः त्याच्यामुळे. थॉमसला १८९४ मध्ये रोमच्या पोपनी 'धन्य' म्हणून मान दिला.

हे ऐकून कुणी आजच्या भांडणासाठी वापरू नये, म्हणून एक सांगतो. ओडोरिकच असंही लिहितो की दिल्लीच्या बादशहानं या हत्येबद्दल ठाण्याच्या सुभेदाराला शिक्षा केली. मारणारेही मुसलमान, शिक्षा करणाराही मुसलमान. आणि मुळात ठिणगी पडली ती एका ख्रिस्ती घरात, नवऱ्याच्या हातानं.

आमच्या मनात राहिली ती वेगळीच गोष्ट. चारही साधूंची नावं आणि त्यांची गावं सापडतात. हाडं कुठून कुठे गेली तेही सापडतं. मध्येच तोंड घालणारा कोण, तर अलेक्झांड्रियाचा, हेसुद्धा लिहून ठेवलंय. त्या बाईचं नाव मात्र कुठेच नाही. तिच्या फिर्यादीचा निकाल काय लागला, तेही नाही. साक्षीदार वादात गेले, वादातून मरणात गेले, आणि ती बाई कागदावरून उतरली. त्या रात्री ती त्याच घरी परतली असेल का, हे आमच्यातली एकजण तीनदा म्हणाली.

तर काकू, तुमच्या पहिल्या प्रश्नाचं, "आपलं काय आहे तिथं" याचं, हे आमचं उत्तर.

आता पुढचा इतिहास जरा भरभर सांगतो. १५३४ साली गुजरातच्या बहादूरशहानं वसई आणि तिच्याखालचा मुलूख पोर्तुगीजांना दिला. त्यात साष्टी बेट आलं, ठाणं आलं. मग चर्च उभी राहिली, आपण बघणार आहोत तो परगणाही पोर्तुगीज काळापासूनचाच. त्या काळात देवळांवर हात पडला हे लपवायचं कारण नाही. बोरिवलीजवळ मंडपेश्वरच्या लेण्यांचं चर्च केलं होतं, लेणी आजही पाहता येतात. १७३७ च्या मार्चअखेर चिमाजी अप्पांच्या फौजेनं ठाणं घेतलं. पोर्तुगीजांनी १७३० ला सुरू केलेला ठाण्याचा किल्ला तेव्हा पुरा बांधूनही झाला नव्हता. १७३९ च्या मे महिन्यात वसई पडली.

वसईच्या चर्चमधल्या घंटा विजयाची खूण म्हणून मराठ्यांनी घाटावर नेल्या. तुमच्यापैकी ज्या भीमाशंकरला जाऊन आल्यात त्यांनी तिथली मोठी घंटा पाहिली असेल, नाशिकच्या नारोशंकराच्या देवळातली पाहिली असेल. वाईजवळ मेणवलीला नाना फडणविसांच्या घाटावरची घंटा १७०७ सालची आहे. आपण देवाला हात जोडण्याआधी जी वाजवतो ती चर्चची घंटा आहे, हे ऐकून आमच्या सासूबाई आधी रागावल्या, मग हसल्या, मग म्हणाल्या, "आवाज मात्र गोड आहे हो."

राज्य बदललं म्हणून माणसं कुठे गेली नाहीत. इथले ख्रिस्ती म्हणजे इथलेच शेतकरी, कोळी, आगरी, भंडारी यांच्यातून झालेले लोक. ते इथेच राहिले, भात लावत राहिले, मराठी बोलत राहिले. इंग्रजांनी १७७४ च्या डिसेंबरात ठाण्याचा किल्ला जिंकला, पुढे कंपनी सरकारच्या नोकऱ्या आल्या. १८८७ मध्ये, व्हिक्टोरिया राणीच्या राज्याला पन्नास वर्षं झाली तेव्हा, या समाजानं स्वतःसाठी 'ईस्ट इंडियन' हे नाव घेतलं. बाहेरून आलेल्या इतर ख्रिस्ती लोकांपासून आपण वेगळे, इथले मूळचे, हे सांगायला. या बायकांचं जुनं लुगडं बघाल तर आपल्याच आजीचं वाटेल. लग्नाच्या आदल्या दिवशी त्यांच्यात 'उंबराचं पाणी' असतं. वाजतगाजत विहिरीवर जायचं, पाणी आणायचं, त्या पाण्यानं नवरा-नवरीला आंघोळ. आपल्या हळदीतल्या पाण्यापासून हे किती लांब आहे, तुम्हीच सांगा.

तिकडे जाताना गाडीत एक खेळ खेळायचा ठरवलाय. पोर्तुगीजांनी आपल्या घरात ठेवलेले शब्द मोजायचे. चावी, साबण, बालदी, घमेलं, इस्त्री, फीत, पगार, लिलाव, पाव, बटाटा, कोबी, काजू, अननस, पपई. पाद्री तर आहेच. आणि तुरुंग! पोर्तुगीजांचा तो अपुरा किल्ला इंग्रजांच्या हाती गेला आणि आज ठाण्याचा मध्यवर्ती तुरुंग त्यातच आहे. जागा पोर्तुगीजांची आणि शब्दही त्यांचाच.

तुरुंगाचा विषय निघाला म्हणून एक जोड. ठाण्यात दुसरंही जुनं चर्च आहे, सेंट जेम्स, प्रोटेस्टंटांचं. ते १८२५ साली बिशप हेबर यांनी प्रार्थनेसाठी खुलं केलं. या हेबरसाहेबांनी आपल्या रोजनिशीत त्रिंबकजी डेंगळ्यांची हकिकत लिहिलीय. १८१६ मध्ये त्रिंबकजी ठाण्याच्या किल्ल्यात कैदेत होते. बाहेर एक मराठा मोतद्दार घोडा चोळत गाणी म्हणायचा. पहारेकरी गोरे, त्यांना मराठी कळेना. गाण्यातून निरोप गेला आणि कैदी पळाला! वेळ उरला तर सेंट जेम्स बाहेरून बघू. हट्ट नको, कारण एका दिवसात दोन चर्च, एक देऊळ आणि बाजार केला की कुणालाच काही आठवत नाही.

आता जायचं कसं. मुरबाडकडच्या गटांनी एसटीनं कल्याण गाठायचं. १७ मार्च २०२३ पासून बायकांना एसटीत अर्धं तिकीट आहे, ते सगळ्यांना ठाऊक आहेच. शहापूरच्या मैत्रिणींनी आसनगावला कसारा लोकल पकडायची. कल्याणहून ठाणं फार लांब नाही. दिवस कुठला? रविवार नको. एक तर रविवारी मध्य रेल्वेवर मेगाब्लॉक असतो आणि अर्धी गाडी रुळावर उभी राहते. दुसरं म्हणजे रविवारी चर्चमध्ये लागोपाठ प्रार्थना चालतात. त्यांच्या प्रार्थनेत आपण तीस जणी बघायला म्हणून घुसलो तर ते बरं दिसणार नाही. मधला वार घ्यायचा, सकाळची कार्यालयाची गर्दी ओसरल्यावर निघायचं आणि साडेदहा-अकराला पोहोचायचं.

दुपार टाळायची. हे आम्ही ठेच खाऊन शिकलो. मागे एकदा दुसऱ्या एका गावच्या जुन्या चर्चला आम्ही पंधरा जणी दुपारी एकला पोहोचलो, तर दाराला कुलूप. राखणदार म्हणाला, चारनंतर या. आम्ही वडाखाली डबे खाल्ले आणि दार न बघताच परत आलो. आधी एक फोन केला असता तर पंधरा जणींची मजुरी बुडाली नसती. म्हणून या वेळी दोघी आठवडाभर आधी जाऊन चर्चच्या कार्यालयात विचारून येणार. कोणत्या वेळी उघडं असतं, त्या दिवशी लग्न किंवा अंत्यविधी नाही ना, फोटो काढलेले चालतात का, आणि आमच्या तीन आजींसाठी स्वच्छतागृह कुठं आहे. हा शेवटचा प्रश्न विचारायला लाजू नका. सहल त्याच्यावरच बिघडते.

ठाणे स्टेशनला पश्चिमेला उतरायचं. एक मिनिट तिथंच थांबायचं. १६ एप्रिल १८५३ ला देशातली पहिली प्रवासी गाडी बोरीबंदरहून निघून इथंच आली होती, आणि पुढच्या वर्षी रूळ कल्याणपर्यंत गेले. आपण येतो तो रस्ता तोच. मग जांभळी नाक्याच्या बाजारातून चालत तलावपाळी. बाजारात खरेदी जाताना करायची नाही! कोथिंबिरीच्या जुड्या घेऊन चर्चमध्ये बसणं शोभत नाही. येताना काय हवं ते घ्या.

आत गेल्यावर काय करायचं हे काकूंनी खास विचारलंय. चपला बाहेर काढाव्याच लागतात असं नाही, पण कुठे काढायची रीत दिसली तर काढायच्या. डोक्यावर पदर घेतला तर चांगलं, नाही घेतला तर चालतं. दाराशी छोट्या भांड्यात पाणी असतं, ते पवित्र पाणी, त्यात हात धुवायचे नाहीत. बाकांवर शांत बसायचं. पुढची वेदी, जिथं पाद्री उभे राहतात, तिच्या पायऱ्या चढायच्या नाहीत. प्रार्थना चालू असेल तर मागच्या बाकावर बसा, आणि लोक रांगेनं प्रसादासारखं काही घ्यायला पुढे जाऊ लागले तर आपण जागेवरच बसायचं. तो त्यांच्यात बाप्तिस्मा झालेल्या कॅथलिकांनीच घ्यायचा असतो. कुणी आपल्याला कमी लेखतं म्हणून नव्हे, ती त्यांची रीत. मोबाइल बंद. पोरांना खाऊ बाहेर.

भिंतींवर चौदा चित्रं किंवा मूर्ती असतात, क्रमानं. येशूला शिक्षा झाली तिथपासून कबरीत ठेवलं तिथपर्यंतची गोष्ट. वाचता न येणाऱ्यांनाही कळावी म्हणून मांडलेली, आपल्याकडच्या चित्रकथीसारखी. सहावं चित्र नीट बघा. त्यात एक बाई गर्दीतून पुढे होऊन येशूचा घामेजलेला चेहरा आपल्या कापडानं पुसते. तिला वेरोनिका म्हणतात. आठव्यात रडणाऱ्या बायका आहेत. ज्यांच्या नावानं चर्च आहे ते जॉन म्हणजे योहान. नदीच्या पाण्यात लोकांना बाप्तिस्मा देणारे. त्यांचा सण २४ जूनला, ऐन पावसात. गोव्यात त्या दिवशी माणसं विहिरीत उड्या मारतात. ठाण्यात त्यांचं चर्च तलावाकाठी असावं हे आम्हाला फार आवडलं.

बाहेर जुन्या फरशा, जुने क्रूस, कबरींचे दगड दिसले तर त्यांच्यावरची नावं वाचायची. ज्या मुली इंग्रजी वाचतात त्यांनी मोठ्यानं वाचायचं, आजींनी ऐकायचं. प्रत्येकीनं एकेका बाईचं नाव वहीत लिहून घ्यायचं. कुणाची बायको, कुणाची आई एवढंच लिहिलेलं असेल तर तेही तसंच लिहायचं.

मग तलावाकाठी डबे. समोरच कोपिनेश्वराचं देऊळ आहे. मूळ शिलाहार राजांच्या काळचं म्हणतात, आताचं सरसुभेदार रामाजी महादेव बिवलकरांनी १७६० च्या सुमाराला बांधलं. ज्यांना दर्शन घ्यायचंय त्यांनी घ्या. कुणी घरी काय सांगायचं म्हणून धास्तावली असेल तर सांगा, कोपिनेश्वरालाही गेलो होतो. खोटं नाही त्यात.

डबे झाल्यावर अर्धा तास गोल बसायचं. आमचा एकच विषय आहे. त्या बाईची फिर्याद आज आपल्या गटापुढे आली असती तर आपण काय लिहून घेतलं असतं? तिचं नाव, वय, कधीपासून मारतो, याआधी कुणाला सांगितलं, रात्री कुठं राहशील. तिघी जणी लिहून घेतील, बाकीच्यांनी सांगायचं. ते कागद आम्ही परत आणू आणि पुढच्या भागात वाचून दाखवू.

नावं गुरुवारपर्यंत आपल्या गटप्रमुखांकडे द्या. पाण्याची बाटली, डबा, वही, आणि ज्यांना चष्मा लागतो त्यांनी चष्मा. काकूंनी आपलं नाव सगळ्यांत आधी दिलंय.